केळीबागेच्या एन्क्रिप्टेड फोटोत नोंद दडवणे आणि मूळ फाइल जशीच्या तशी परत मिळवणे

रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादक गटाचे संगणकाचे काम आपण पाहता. वादळाने आडव्या झालेल्या बागांचे आणि सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाची लक्षणे दिसणाऱ्या पानांचे फोटो सभासद मोबाइलवर काढून गटाच्या कार्यालयात पाठवतात, तिथे ते एन्क्रिप्ट होतात, म्हणजे किल्लीशिवाय पाहता येणार नाहीत असे झाकले जातात, आणि मग जळगावच्या एका भाड्याच्या सर्व्हरवर जातात. सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोटो पाहण्याचा अधिकार नाही. तरीही फाइल केव्हा मिळाली आणि तिचा नोंद क्रमांक काय, हे त्याने फाइलच्या आतच लिहावे अशी आपली इच्छा आहे, कारण वेगळी ठेवलेली यादी आणि फाइली यांची पुढच्या हातांत गेल्यावर ताटातूट होते आणि मधली एक प्रणाली खासगीपणासाठी हेडरमधली, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीच्या भागातली, सगळी जादा माहिती कापून टाकते. चित्र न उघडता सर्व्हरला अशी नोंद दडवता येईल का, आणि ती काढून घेतल्यावर शेतकऱ्याने काढलेला फोटो एका बिटाचाही फरक न पडता परत मिळेल का, असे आपण विचारले आहे.

दोन्ही गोष्टी शक्य आहेत. मात्र त्यासाठी जागा चित्रात शोधायची नाही, ती जेपीईजी या फोटोच्या फाइल प्रकाराच्या बांधणीत शोधायची, हे एकदा पक्के झाले पाहिजे. या विषयावरील बरेचसे लेखन चित्राचे बिट कसे हलवावेत यावर भर देते आणि आपल्यासारख्या कामात तोच मार्ग सर्वांत अडचणीचा ठरतो.

प्रथम ‘मूळ परत मिळणे’ म्हणजे काय ते ठरवून घ्यावे. डोळ्याला फरक न दिसणे ही एक पातळी झाली. उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलची किंमत पूर्वीइतकीच येणे ही दुसरी, आणि फाइलचा प्रत्येक बाइट जसाच्या तसा असणे ही तिसरी. शोधनिबंधांत ‘पूर्ववत होणारे’ हा शब्द बहुधा दुसऱ्या पातळीसाठी वापरतात, कारण तिथे चित्राला महत्त्व असते. आपल्याला तिसरीच पातळी हवी. नुकसानीच्या दाव्यावर वाद झाला तर फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या सर्व बाइटांवरून निघणारी ठरावीक लांबीची ओळखसंख्या, काढून दाखवावा लागतो, आणि एक बाइट बदलला तरी एसएचए-२५६ या हॅश पद्धतीचे उत्तर पूर्ण वेगळे येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यायचे असते, त्याच्या नमुन्यातही हॅश लिहिण्याची जागा आहे. म्हणून हॅश गटाच्या कार्यालयात, एन्क्रिप्शनच्या आधी काढून ठेवावा आणि शेवटी त्याच्याशीच पडताळावे.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी घोटाळा तिथेच होतो. सभासद फोटो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवत असतील, तर तो वाटेतच पुन्हा कॉम्प्रेस होतो आणि कार्यालयात पोहोचते ती वेगळी फाइल असते. पुढे कितीही काटेकोर पद्धत वापरली तरी कॅमेऱ्यातली मूळ फाइल त्यातून परत येणार नाही. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवण्याची सवय सभासदांना लावणे हे या सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे पाऊल आहे. काही फोन जेपीईजीऐवजी एचईआयसी प्रकारात फोटो साठवतात. त्या फोनवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच जेपीईजी निवडून द्यावे, म्हणजे ‘मूळ’ कोणते यावर पुढे संशय राहणार नाही.

आता जागेचा प्रश्न. साध्या, न झाकलेल्या चित्रात शेजारचे पिक्सेल एकमेकांसारखे असतात आणि त्या सारखेपणातूनच माहिती दडवायला जागा निघते. २००३ चे जून तियान यांचे फरक-विस्ताराचे तंत्र काय किंवा २००६ चे नी आणि सहकाऱ्यांचे हिस्टोग्राम सरकवण्याचे तंत्र काय, दोन्ही याच सारखेपणावर उभी आहेत. कॉम्प्रेशन तो सारखेपणा शोषून घेते आणि उरलासुरला चांगले एन्क्रिप्शन पुसून टाकते. दोन्ही झाल्यावर सर्व्हरपुढे येतो तो जवळजवळ यादृच्छिक बिटांचा प्रवाह, ज्यात काय बदलले तर ते पुन्हा ओळखता येईल याचा कोणताही धागा सर्व्हरकडे नसतो. ट्रकमध्ये केळीचे घड ठासून भरल्यावर फळ दाबून आणखी जागा करता येत नाही, जी काही जागा असेल ती रचनेत राहिलेल्या फटींत असते, तसेच इथेही आहे.

या फटी दिसाव्यात म्हणून जेपीईजीची रचना थोडी जवळून पाहू. चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे होतात, डीसीटी या गणिती रूपांतराने प्रत्येकाचे ६४ गुणक (ठोकळ्यातले सावकाश आणि झपाट्याने होणारे बदल सांगणाऱ्या संख्या) निघतात, ते ठरावीक संख्यांनी भागून पूर्णांक केले जातात आणि त्यांपैकी बरेचसे शून्य होतात. पहिला, म्हणजे डीसी गुणक, आधीच्या ठोकळ्याशी असलेल्या फरकाच्या रूपात लिहिला जातो. उरलेले ६३ एसी गुणक नागमोडी क्रमाने घेऊन प्रत्येक शून्येतर गुणकासाठी दोन भाग लिहिले जातात. पहिला भाग हफमन कोडचा, म्हणजे वारंवार येणाऱ्या प्रसंगांना थोडे बिट देणाऱ्या कोडचा. त्याच्या आधी किती शून्ये गेली आणि तो गुणक किती बिटांचा आहे, एवढेच हा कोड सांगतो. दुसरा भाग म्हणजे त्या गुणकाची प्रत्यक्ष किंमत सांगणारे बिट. गुणक ५ असेल तर तो तीन बिटांच्या गटात येतो आणि त्याचे बिट १०१ असतात, उणे ५ असेल तर ०१०. तीन बिटांचे आठही नमुने या गटात वैध आहेत, म्हणजे ४ ते ७ आणि उणे ७ ते उणे ४.

एन्क्रिप्शनला आधार मिळतो तो याच गुणधर्माचा. हफमन कोड तसेच ठेवून फक्त किमतीचे बिट एईएस या एन्क्रिप्शनच्या काउंटर पद्धतीने किल्लीवरून निघालेल्या बिटांशी, म्हणजे किल्लीप्रवाहाशी, एक्सॉर केले (प्रवाहात १ असेल तिथे बिट उलटा, ० असेल तिथे तसाच), तर प्रत्येक गुणक त्याच्याच गटातल्या दुसऱ्या किमतीत जातो, फाइल वैध जेपीईजी राहते आणि तिचा आकार जवळपास तेवढाच राहतो. जवळपास म्हणण्याचे कारण असे, की जेपीईजीत आठ एकांचा बाइट आला की त्यामागे शून्य बाइट घालावा लागतो आणि बिट बदलल्यावर अशा जागा थोड्या कमीजास्त होतात. उलट करताना त्या पुन्हा मूळ जागी येतात.

परंतु एवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे आणि हे आपण स्वतः करून पाहावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. अशी एन्क्रिप्टेड फाइल घ्या, प्रत्येक ठोकळ्यात शून्येतर एसी गुणक किती आहेत ते मोजा आणि ती संख्या करड्या छटेने मांडून चित्र तयार करा. केळीचे रुंद, गुळगुळीत पान असलेल्या भागात संख्या लहान येते, वाऱ्याने फाटलेल्या कडा, मधली शीर आणि जमिनीचा खडबडीत भाग इथे ती मोठी येते, आणि कोणतीही किल्ली नसताना पानाचा आकार, कधी कधी शेजारी उभ्या माणसाची बाह्यरेषाही समोर उभी राहते. गुणकांच्या किमती झाकल्या, पण ते कुठे आहेत हे उघडेच राहिले, त्याचा हा परिणाम. त्यामुळे किमतीचे बिट झाकण्यासोबत प्रत्येक ठोकळ्याचा संपूर्ण एसी भाग उचलून दुसऱ्या ठोकळ्याच्या जागी ठेवणे, म्हणजेच किल्लीवरून ठरणारी अदलाबदल करणे, आवश्यक आहे. उजळपणाचे आणि रंगाचे कोडतक्ते वेगळे असतात, म्हणून ही अदलाबदल ज्या त्या घटकाच्या आतच करावी. डीसीच्या फरकांचीही स्वतंत्र अदलाबदल करावी. प्रत्येक फोटोसाठी नवा यादृच्छिक नॉन्स (एकदाच वापरायची संख्या) घ्यावा आणि किल्लीप्रवाह व अदलाबदलीचा क्रम दोन्ही त्यावरून काढावेत. एकच प्रवाह दोन फोटोंना वापरला तर दोघांचे बिट एकमेकांशी एक्सॉर करून किल्ली वगळता येते आणि सगळी मेहनत वाया जाते.

याहून साधी, आणि म्हणूनच हमखास नजरेतून सुटणारी गळती एक्झिफ भागात, म्हणजे कॅमेरा फोटोसोबत जी माहिती लिहितो त्या भागात, असते. मोबाइलच्या जेपीईजीत तिथे फोटोची छोटी प्रत आणि बऱ्याचदा जीपीएसचे अक्षांश-रेखांश असतात. मुख्य चित्र उत्तम रीतीने झाकले आणि ही छोटी प्रत तशीच राहिली, तर सर्व्हरवरच्या माणसाला बाग कोणाची, कुठली आणि कशी मोडली आहे, हे सगळे त्या छोट्या प्रतीतच मिळते. हा संपूर्ण भाग एन्क्रिप्शनपूर्वी फाइलमधून काढून, स्वतंत्र झाकून कार्यालयातच ठेवावा आणि शेवटी मूळ जागी परत बसवावा. आपल्या मधल्या प्रणालीने तो कापला तरी मग काही बिघडत नाही.

आता दडवण्याच्या पद्धतींकडे वळतो. शिनपेंग झांग यांनी २०११ मध्ये न कॉम्प्रेस केलेल्या एन्क्रिप्टेड चित्रासाठी जो मार्ग दाखवला, त्यात सर्व्हर काही पिक्सेलांचे खालचे तीन बिट उलटे करतो आणि उघडणारा माणूस ‘यांपैकी कोणते रूप अधिक गुळगुळीत दिसते’ यावरून दडवलेला बिट आणि मूळ चित्र दोन्ही ओळखतो. छ्यान, झांग आणि वांग यांनी २०१४ मध्ये हाच विचार जेपीईजीच्या बिटप्रवाहात नेला. तिथे ठोकळ्यांच्या कडांवरचा खडबडीतपणा पाहून अंदाज केला जातो आणि चुका निस्तरण्यासाठी दुरुस्तीचे कोड सोबत दिले जातात. संशोधन म्हणून हे काम महत्त्वाचे आहे आणि सर्व्हरला कोणतीही पूर्वतयारी लागत नाही हा त्याचा मोठा गुण आहे. पण मुळात तो अंदाज आहे. फाटलेली पाने, वाळलेले पत्ते आणि ढेकळे यांनी भरलेल्या फोटोत गुळगुळीतपणाची कसोटीच कमकुवत पडते, आणि जिथे हॅश जुळलाच पाहिजे तिथे अंदाजावर विसंबणारी पद्धत मी स्वीकारणार नाही.

दुसरा मार्ग २०१३ मध्ये मा आणि सहकाऱ्यांनी मांडला. जागा एन्क्रिप्शननंतर शोधण्याऐवजी मालकाने आधीच करून द्यायची. चित्राच्या एका भागातले काही बिट दुसऱ्या भागात पूर्ववत होणाऱ्या तंत्राने सामावून घ्यायचे, म्हणजे पहिल्या भागातली तेवढी जागा मोकळी होते, मग सगळे एन्क्रिप्ट करायचे आणि मोकळी जागा कुठे आहे एवढेच सर्व्हरला सांगायचे. यात अंदाज नाही आणि जागाही पुष्कळ मिळते. जेपीईजीत सामावून घेण्याचे काम एसी गुणकांवर करता येते. एक आणि उणे एक या किमती बिट वाहतात, त्याहून मोठ्या किमती एकाने बाहेर सरकवल्या जातात आणि शून्यांना हात लावला जात नाही, कारण शून्य बदलले की शून्यांच्या ओळी तुटतात आणि फाइल फुगते. तरीही ती थोडी वाढतेच, कारण १ चा २ झाला की गुणक वरच्या गटात जातो आणि किमान एक बिट जास्त लागतो. मोठा मजकूर दडवायचा असता तर मी हाच मार्ग सुचवला असता.

आपली गरज मात्र छोटी आहे. नोंद क्रमांकाला ६४ बिट, वेळेला ३२ बिट आणि ही नोंद कोणी बदलली नाही हे पडताळण्यासाठी १२८ बिटांची खूण धरली तरी २२४ बिट होतात. ४००० बाय ३००० पिक्सेलच्या फोटोत नुसत्या उजळपणाचे सुमारे १,८७,५०० ठोकळे असतात. एवढ्या छोट्या नोंदीसाठी एकाही गुणकाला धक्का न लावणारी पद्धत उपलब्ध आहे, ती म्हणजे हफमन कोडची जुळवणी. मोबासेरी आणि सहकाऱ्यांनी ती २०१० मध्ये मांडली, आणि छ्यान व झांग यांनी २०१२ मध्ये ती पुढे नेली.

तिचे मर्म असे आहे. जेपीईजीच्या मानकात उजळपणाच्या एसी गुणकांसाठी हफमन कोडांचा जो नमुना तक्ता दिला आहे, त्यात १६२ कोड आहेत आणि त्यांपैकी १२५ कोड १६ बिटांचे आहेत. प्रत्यक्ष फोटोत या १२५ पैकी कित्येक कधीच वापरले जात नाहीत. उदाहरणार्थ, पंधरा शून्ये आणि मग दहा बिटांचा गुणक हा प्रसंग खऱ्या चित्रात जवळजवळ येतच नाही, पण त्याच्यासाठी १११११११११११११११० हा कोड राखून ठेवलेला आहे. उलट, एक शून्य आणि मग सहा बिटांचा गुणक हे तीव्र कडा असलेल्या फोटोत येत राहते, आणि त्याचा कोड आहे १११११११११००००१००. दोन्ही १६ बिटांचे. आता फाइलसोबत असणाऱ्या तक्त्याच्या यादीत शेवटच्या कोडपुढे लिहिलेला अर्थ बदलून तिथेही ‘एक शून्य, सहा बिट’ असेच लिहिले, तर एकाच अर्थाचे दोन कोड झाले. पुढे फाइलमध्ये जिथे जिथे हा प्रसंग येईल तिथे ० दडवायचा असल्यास जुना कोड ठेवायचा आणि १ दडवायचा असल्यास नवा लिहायचा. डिकोडर दोन्ही वाचून तोच गुणक काढतो, म्हणून चित्रात कणभरही बदल होत नाही. बदललेल्या शेवटच्या बिटांमुळे शून्य बाइट घालण्याच्या जागा थोड्या इकडेतिकडे होतात, एवढाच आकारातला फरक.

सर्व्हरला यासाठी चित्राची किल्ली लागत नाही, कारण वर सांगितलेल्या एन्क्रिप्शनमध्ये हफमन कोड जागा बदलतात पण वाचता येतात. नोंद काढताना उलट क्रम असतो: बिट वाचून घ्यायचे, प्रत्येक नवा कोड जुन्यात बदलायचा आणि तक्ता पूर्ववत करायचा. तक्ता मानकातलाच असेल तर तो सर्वांना ठाऊक असतो. वेगळा असेल तर बदललेल्या जागांचे मूळ अर्थ नोंदीसोबत दडवावे लागतात. तक्ता चित्राच्या वाचनासाठी अत्यावश्यक असल्याने, जादा माहिती कापणारी आपली मधली प्रणाली तो कापून टाकू शकत नाही, आणि नेमक्या याच कारणाने ही पद्धत आपल्या परिस्थितीला बसते. ती प्रणाली नसती तर मी सरळ जेपीईजीच्या टिप्पणी भागात झाकलेली नोंद ठेवा असे सांगितले असते. तिथे एका वेळी ६५,५३३ बाइट मावतात आणि काम दहापट सोपे होते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. काही सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोसाठी स्वतःचा, काटेकोर तक्ता तयार करते. त्यात न वापरलेले कोड नसतातच आणि दडवायला जागा शून्य होते. म्हणून सर्व्हरने प्रत्येक फाइलमध्ये कोणते कोड किती वेळा आले हे आधी मोजावे आणि नोंदीपेक्षा जागा पुरेशी जास्त असेल तरच पुढे जावे. वाटेत कोणी फाइल नव्याने कॉम्प्रेस केली किंवा केवळ तक्ता नव्याने बांधला, तरी नोंद नष्ट होते. चित्र त्या दुसऱ्या प्रसंगी शाबूत राहते, पण नोंद जाते. आणि क्रमाचे भान ठेवावे: दडवलेले बिट अदलाबदल झालेल्या ठोकळ्यांच्या क्रमाने बसलेले असतात, त्यामुळे नोंद आधी काढावी आणि मगच फोटो उघडावा. आधी उघडला तर चित्र अचूक दिसेल, पण नोंदीचे बिट विखुरतील आणि ते जुळवायला चित्राची किल्ली पुन्हा लागेल.

किल्ल्या दोन ठेवाव्यात. चित्राची किल्ली फक्त गटाकडे आणि नोंदीची सर्व्हरकडे व गटाकडे. नोंद फाइलमध्ये लिहिण्यापूर्वी तिच्या किल्लीने झाकावी, नाहीतर तक्त्यात एकाच अर्थाचे दोन कोड पाहणारा कोणीही ती वाचू शकेल. आपण सध्या जीसीएम, म्हणजे झाकण्यासोबत पडताळणीची खूणही देणारी एन्क्रिप्शनची पद्धत, वापरत असाल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. तिची पडताळणी खूण झाकलेल्या फाइलच्या प्रत्येक बाइटवर अवलंबून असते, म्हणून सर्व्हरने नोंद घातली की ती खूण चुकणारच. खूण तपासायची तर नोंद काढून फाइल पूर्ववत झाल्यावर तपासावी. त्याआधी ती चुकली म्हणून कोणी फाइलमध्ये फेरफार केला असा निष्कर्ष काढू नये.

चाचणीसाठी मुद्दाम वेगवेगळ्या स्वभावाचे फोटो निवडावेत: भर उन्हातले पान, संध्याकाळी फ्लॅश मारून काढलेला बुंधा, आडव्या पडलेल्या बागेचे लांबून घेतलेले दृश्य, आणि मोबाइलने टिपलेला सातबारा, ज्यात कोऱ्या पांढऱ्या कागदामुळे जागा कमी निघू शकते. प्रत्येकावर संपूर्ण साखळी चालवावी, म्हणजे हॅश काढणे, झाकणे, नोंद घालणे, मधल्या प्रणालीतून नेणे, नोंद काढणे, उघडणे, एक्झिफ परत बसवणे आणि हॅश पुन्हा काढणे. मधल्या टप्प्यावर नोंद घालण्यापूर्वीची आणि नंतरची झाकलेली फाइल दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून त्यांचे पिक्सेल तंतोतंत सारखे आहेत ना हेही पाहावे. दुहेरी अर्थाचा तक्ता नाकारणारे एखादे कडक सॉफ्टवेअर आपल्या साखळीत असेल तर ते इथेच उघडे पडेल. ज्या फाइलीत जागा अपुरी निघेल तिच्यासाठी सर्व्हरने गटाला तसे कळवावे. त्या फोटोचे काटेकोर तक्ते गटाच्या कार्यालयाने एन्क्रिप्शनपूर्वी काढून ठेवावेत आणि फोटो मानक तक्त्यांत पुन्हा मांडून पाठवावा. या मांडणीत गुणक बदलत नाहीत, फाइल थोडी मोठी होते. मूळ तक्ते आणि फाइलचा हॅश कार्यालयात सुरक्षित असल्याने शेवटी तीही बाइट-बाइट पूर्ववत करून पडताळता येते.